अमोलच्या पोटातलं तांबं

“बाळाचं दूध घरी कशात तापवता?” पुण्याच्या इस्पितळात डॉक्टर मॅडमनी विचारलं, आणि माझं डोकंच फिरलं.

आम्ही पिंपरी पेंढारहून निघून, नारायणगाव, मंचर करत एसटीनं आलो होतो. वाटेत अमोलनं दोनदा ओकून सुनंदाचं पातळ भिजवलं होतं. सव्वा वर्षाचं पोर. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं. हे सगळं समोर दिसत असताना बाई भांड्यांची चौकशी करत होत्या. मी तिरसटपणे म्हणालो, पितळेच्या पातेल्यात. त्यांनी विचारलं, कल्हई केलेली आहे का? सुनंदा म्हणाली, भांडं नवं हाये, अजून केली न्हाई.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी माझा हात धरून अमोलच्या उजव्या बरगडीखाली ठेवला आणि बोटं हलकेच आत दाबायला सांगितली. आत काहीतरी टणक लागलं. त्याला कडा होती, बोटाला टोचेल अशी.

“हे लिव्हर, म्हणजे यकृत. या वयाच्या मुलाचं लिव्हर मऊ असतं. हे कडक होत चाललंय.”

मग त्यांनी सुनंदाचा हातही तिथं ठेवला. आईला कळलेलं बरं, असं म्हणाल्या. सुनंदानं हात चटकन मागं घेतला, पुन्हा ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. सिऱ्हॉसिस म्हणजे लिव्हरचा चांगला भाग मरतो आणि त्या जागी चिवट धागे भरतात. मी म्हणालो, ते तर दारू पिणाऱ्यांना होतं, माझ्या पोरानं दुधाशिवाय काही प्यायलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, शंका दुधाचीच आहे. पितळेत तांबं असतं. कल्हई नसलेल्या भांड्यात दूध तापवलं, तासन् तास ठेवलं, की ते तांबं दुधात उतरतं. मोठ्या माणसाचं शरीर ते बाहेर टाकतं. काही तान्ह्या मुलांना ते जमत नाही, आणि सगळं लिव्हरमध्ये साठतं.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आता हा आजार फारसा दिसत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मग कशाला लिहितोस, असं मला घरातूनच विचारलं गेलं. माझं उत्तर असं, की आजार बदलतात, पण इस्पितळातलं बाकडं तेच राहतं. त्या बाकड्यावर आज कुणीतरी बसलेलं असेल, त्याच्या माणसाच्या अंगातून रक्त, लघवी, मांसाचा तुकडा असं काय काय काढून नेत असतील, आणि हे सगळं कुणासाठी चाललंय हे त्याला कळत नसेल. मला कळत नव्हतं. त्याच्यासाठी हे लिहितो.

आमचं घर दुधाचं. दारात म्हशी, आणि गावातल्या दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचं काम माझ्याकडं. लॅक्टोमीटर बुडवायचा, फॅट काढायची, पाणी घातलेलं दूध परत करायचं. या कामापायी मी अर्ध्या गावाशी भांडलेला माणूस. कुणाच्या दुधात काय आहे ते मी एका घोटात सांगत असे, आणि लोक मला टरकून असत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसलाच प्रकार झाला. सगळ्या गावाचं दूध तपासलं आणि घरच्या पातेल्यात काय उतरतंय त्याचा पत्ता नाही. अर्थात माझ्या लॅक्टोमीटरला तरी ते कुठं कळणार होतं!

पातेलं आलं होतं महाळुंगे पडवळहून. ते सुनंदाचं माहेर. तिचा थोरला भाऊ रामदास कांदा-बटाटा करणारा, मनानं मोकळा. बारशाला त्यानं पातेलं आणलं, काठावर ‘चि. अमोल यास मामाकडून’ असं कोरून घेतलेलं. त्याच्या बायकोलाही तेव्हा दिवस गेले होते. त्यामुळं त्यानं एकाच दुकानातून जोडी घेतली, एक आमच्याकडं आणि एक त्याच्या घरी. स्टीलच्या भांड्यात चुलीवर दूध करपतं, पितळेत करपत नाही आणि पोराच्या अंगी लागतं, असं आमच्याकडं सगळ्याच बायका सांगायच्या. माझ्या आईनं तर त्या पातेल्याला कल्हई करूच दिली नाही. कल्हईवाल्याच्या भट्टीत बाहेरून काळं पडेल, अक्षरं जातील, असं तिचं म्हणणं. रोज ती ते चिंच लावून आतून-बाहेरून लख्ख घासायची. सकाळचं दूध त्यात तापवून दिवसभर चुलीशेजारच्या वैलावर ठेवायचं आणि अमोलला थोडं थोडं पाजायचं. एवढी निगा घरातल्या दुसऱ्या कुठल्याही भांड्याची नव्हती.

पोर आधी चिडचिडं झालं, मग खाईना. पोट वाढायला लागलं तेव्हा आई म्हणाली, दुधाचं पोट हाय, चांगलंच हाय की. ओतूरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. दुसऱ्यांनी टॉनिक दिलं. तिसऱ्यांनी पोटावर हात ठेवला आणि सरळ पुण्याची चिठ्ठी लिहून दिली. त्या तिसऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

इस्पितळात दाखल झाल्यावर पहिली मोठी तपासणी म्हणजे लिव्हर बायॉप्सी. बरगड्यांमधून लांब पोकळ सुई लिव्हरमध्ये घालतात आणि शेवईएवढा बारीक तुकडा काढतात. त्याआधी रक्त किती वेळात गोठतं ते बघतात, कारण लिव्हर बिघडलं की रक्त नीट गोठत नाही. अमोलला के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली आणि मग सुईला नेलं. आम्ही दाराबाहेर. आतून त्याचं रडणं आलं, मग झोपेच्या औषधानं ते बारीक होत थांबलं. सुनंदा तोंडात पदर कोंबून उभी होती. मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं.

तुकड्याचे दोन भाग करतात, हे मला पुढं मॅडमच्या हाताखालच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. एक भाग पातळ कापून काचेवर घेतात आणि त्याला खास रंग देतात. जिथं तांबं साठलेलं असतं तिथं काळपट तपकिरी ठिपके उठतात. दुसरा भाग वाळवतात, वजन करतात, आम्लात विरघळवतात आणि यंत्रातल्या ज्योतीत फवारतात. ज्योतीतून जाणारा उजेड किती कमी झाला त्यावरून तांबं किती ते कळतं. आम्लाचं ऐकल्यावर माझा जीव थोडा थाऱ्यावर आला, कारण दुधाची फॅटही आम्ही आम्ल घालूनच काढायचो. निदान या लोकांचं काम मला कळण्यातलं होतं.

आकडा आला तो भयंकर होता. मॅडम म्हणाल्या, एवढ्या लहान लिव्हरमध्ये इतकं तांबं मावतं कसं, हेच नवल.

औषध सुरू झालं, पेनिसिलामाइन. हे औषध रक्तात जाऊन तांब्याला पकडतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. कॅप्सूल फोडून, पूड साखरपाण्यात कालवून उपाशीपोटी द्यायची. ते पाणी वाईट लागत असावं. अमोल ओठ घट्ट मिटायचा, आणि ज्या पोराला कधी ओरडून बोललो नाही त्याचं नाक दाबून आम्ही ते पाजायचो.

औषध चालतंय का, हे लघवीतल्या तांब्यावरून कळायचं. त्यासाठी अख्ख्या दिवसाची लघवी गोळा करायची. एवढ्या पोराची कशी करणार? तर प्लॅस्टिकची पिशवी चिकटवायची आणि भरली की आम्लानं धुतलेल्या बाटलीत रिकामी करायची. बाहेरचं तांबं मिसळू नये म्हणून काचेला, पत्र्याला, कशालाही लागू द्यायची नाही. पोर हाललं की पिशवी सुटायची आणि अर्ध्या दिवसाची मेहनत चादरीत जायची. मग दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. एकदा मी चिडून नर्सबाईंना म्हणालो, जेवढी जमलीय तेवढी घ्या की. त्या म्हणाल्या, “अर्धं दूध सांडल्यावर तुम्ही पूर्ण कॅनचं वजन लिहिता का?” माझं काम काय ते वॉर्डात सगळ्यांना ठाऊक झालेलं होतं. मी निमूट नवी पिशवी आणायला गेलो.

मॅडमची माणसं जीप घेऊन आमच्या घरीही गेली. धारेचं दूध, पातेल्यात तापवलेलं दूध आणि संध्याकाळपर्यंत पातेल्यात राहिलेलं दूध, अशा तीन बाटल्या त्यांनी भरून नेल्या. आईला तो अपमान वाटला. आमच्या दुधात आमीच काय कालवलं व्हय, म्हणून तिनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. धारेच्या दुधात तांबं नावालाच होतं. तापवलेल्यात ते वाढलं, आणि संध्याकाळच्या बाटलीत तर कितीतरी वाढलेलं. हे कळल्यावर आई दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी ती इस्पितळात आली ती रामदासवरचा राग घेऊन.

रामदास त्याच दिवशी भाचा बघायला आला, हे आमचं नशीब. हातात भाकरीचं गाठोडं होतं. अमोलच्या बरगडीवर अजून सुईची पट्टी होती, आणि डोळे पिवळे पडायला लागले होते. रामदास त्या पट्टीकडं बघतच राहिला. तेवढ्यात आई सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, “तुझ्या भांड्यानं माझा नातू खाल्ला.”

रामदास गाठोडं कॉटवर ठेवून बाहेर गेला. मी त्याच्या मागं गेलो, कारण मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं की जोडीचं दुसरं पातेलं ज्या घरात आहे, तिथलं मूल दाखवायला आणा. त्याची रूपाली अमोलपेक्षा काही महिन्यांनीच लहान, आणि तीही वरच्या दुधावर. रामदास म्हणाला, तुमचा निरोप आला तवाच पातेलं बंद केलं, आता काय दाखवायचं? मी म्हणालो, अंगात गेलेलं तांबं पातेलं बंद करून निघत नाही. त्यानं नाही अशी मान हलवली.

“सुई घातली आन् पोर पिवळं पडलं, दाजी. म्या बघितलं ना डोळ्यानं. माझ्या पोरीला म्या सुई लावू द्यायचो न्हाई.”

सुईच्या आधीपासूनच लिव्हर गेलंय, कावीळ त्याची आहे, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो गेला तो अमोलला बघायला पुन्हा आलाच नाही, आणि आईसमोर त्याचं नाव काढायची सोय राहिली नाही.

इकडं लघवीचे आकडे वाढायला लागले. तांबं बाहेर पडत होतं. मी हरखून गेलो. आज किती आलं, म्हणून प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचो, आणि वाढीव आकडा शेजारच्या कॉटवाल्यांना सांगत सुटायचो. पण आकडा वाढत होता तसं अमोलचं पोटही वाढत होतं. त्याला असायटिस म्हणतात, पोटात पाणी होणं. पोटावर निळ्या शिरा दिसायला लागल्या. तो रडायचाही थांबला. रडणारं पोर बरं, एवढं मी त्या वॉर्डात शिकलो.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. मी मॅडमना सरळ विचारलं, आकडे चांगले आणि पोर वाईट, हे कसं काय?

“औषध तांबं काढू शकतं,” त्या म्हणाल्या. “मेलेलं लिव्हर परत आणू शकत नाही. तांबं आधी निघतंय की लिव्हर आधी थांबतंय, एवढंच आता बघायचं.”

हे ऐकून मी जिन्यात जाऊन बसलो. त्या दिवसापासून खिडकीशी आकडा विचारायला गेलो नाही.

अमोल गेला तो दुपारी. जेवणाच्या गाड्या वॉर्डातून नुकत्याच गेल्या होत्या. त्याला रक्ताची उलटी झाली, मग आणखी एक. डॉक्टर धावत आले, नळ्या लावल्या, छाती दाबली. सुनंदाला बाजूला करायला दोन नर्स लागल्या. सगळं फार वेळ चाललं नाही. शेवटी डॉक्टरांनी हात थांबवले आणि माझ्याकडं न बघता घड्याळाकडं बघितलं.

थोड्या वेळानं मॅडम आल्या. त्यांचे डोळे लाल होते. त्या माझ्या शेजारी बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, मला तुम्हाला एक विचारायचंय, आणि विचारायची लाज वाटतेय. अमोलच्या लिव्हरमध्ये आता किती तांबं उरलं होतं, हे कळलं तर औषधानं आत काय काम केलं ते समजेल. त्यासाठी पुन्हा एकदा सुई घालावी लागेल.

“याचा अमोलला काही उपयोग नाही. पुढच्या मुलांना होईल. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही, आणि माझा रागही असणार नाही.”

आई तिथंच होती. तिनं कपाळ बडवून घेतलं. मेलेल्या लेकराला कापायचं न्हाई, त्याला आहे तसा मातीत दे, म्हणाली. सुनंदा कॉटजवळ बसून अमोलच्या पायावर हात फिरवत होती. तिनं मान वर केली नाही. “आता तरी टोचू नका त्याला,” एवढंच म्हणाली.

मी काय विचार केला ते आज नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं की माझ्या डोळ्यांसमोर रूपालीचा चेहरा आला, मागच्या दिवाळीला बघितलेला. मी हो म्हणालो. सुनंदा उठली, वॉर्डाच्या दाराबाहेर गेली आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. मॅडमनी स्वतः सुई घातली. त्याआधी त्यांनी अमोलच्या कपाळावर हात ठेवला, जिवंत पोराला धीर देतात तसा. झाल्यावर तेवढ्याच काळजीनं पट्टी लावली.

गावातल्या एका भल्या माणसाची जीप आली. सुनंदानं त्याला मांडीवर घेतलं आणि पिंपरी पेंढारपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. लहान पोराला जाळत नाहीत. ओढ्याच्या पलीकडं खड्डा केला. मी हातानं माती लोटली. रामदास आला नाही, किंवा आला असेल आणि लांब कुठंतरी उभा राहिला असेल. मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर सुनंदा माझ्याशी कामापुरतंच बोलायची. जेवण वाढायची, म्हशींचं बघायची. अंथरूण तिनं आईच्या खोलीत टाकलं. मी संस्थेत जायचो आणि दूध मोजायचो. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि एखाद्याच्या दुधात पाणी निघालं तरी माझ्यानं भांडवत नसे. सुनंदाचा राग मला समजत होता. तरी मला वाटायचं, हिनं एकदा ओरडून तरी घ्यावं.

काही आठवड्यांनी मॅडमचं बोलावणं आलं. मी एकटाच गेलो. त्यांनी मला दोन्ही तुकड्यांचे आकडे दाखवले, पहिल्या दिवशीचा आणि शेवटचा. शेवटचा पहिल्याच्या निम्म्याहून कमी होता.

“औषध काम करत होतं,” मॅडम म्हणाल्या. “अमोल थोडा आधी आला असता, डोळे पिवळे व्हायच्या आधी, पोटात पाणी व्हायच्या आधी, तर कदाचित...” मग त्यांनी विचारलं, तुमच्या मेहुण्यांची मुलगी कशी आहे?

घरी आलो तेव्हा सुनंदा परड्यात शेणी थापत होती. ती ऐकतेय की नाही याची पर्वा न करता मी तिच्या पाठीला सगळं सांगितलं. तांबं निम्म्यानं उतरलं होतं, औषध चालत होतं, आपल्याला उशीर झाला. तिचे हात थांबले. ती उठली, हौदावर जाऊन हात-पाय धुतले, आत जाऊन पातळ बदललं आणि दारात येऊन म्हणाली, “महाळुंग्याला चला.” आई मध्ये पडायला बघत होती. सुनंदानं तिच्याकडं फक्त पाहिलं, आणि आई बाजूला झाली.

रामदासच्या घरी पोचलो तर त्यानं आम्हाला या-बसा केलं, पण नजर वर करेना. रूपाली ओट्यावर खेळत होती. गोरी, गुटगुटीत, डोळे स्वच्छ. तिच्याकडं बघून मलाच वाटलं, आपण उगाच आलो. सुनंदानं तिला मांडीवर घेतलं. पोरगी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. सुनंदानं तिचं झबलं वर केलं, उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली आणि हलकेच आत दाबली.

तिचा चेहरा मी बघत होतो. पुढं मला काही विचारावं लागलं नाही.

“दादा, पोरीला घे. आत्ताच्या गाडीनं चल.”

रामदास मागं सरकला. म्हणाला, माझ्या हातानं एक पोर गेलं, आता हिलाबी सुईखाली घालू व्हय? सुनंदा त्याच्यापुढं जाऊन बसली.

“सुईनं न्हाई गेलं माझं पोर. उशीर झाला म्हणून गेलं. तुझ्या भांड्यानंबी तू मारलं न्हाईस त्याला. तुला म्हाईत व्हतं का? मला म्हाईत व्हतं का? पर आता म्हाईत हाये. आता न्हाई आलास, तर मग तू मारलंस.”

रामदास तसाच उठला, अंगात सदरा घातला. त्याची बायको रडत रडत कपड्यांची पिशवी भरायला लागली.

रूपालीच्या तुकड्यातही तेच ठिपके निघाले. पण बाकीचं लिव्हर अजून जिवंत होतं, कावीळ नव्हती, पाणी नव्हतं. तेच औषध, तेच साखरपाणी, त्याच पिशव्या आणि बाटल्या. अमोलच्या कॉटवरून दिसणारा तोच वॉर्ड. रामदासच्या बायकोला ते झेपेना, ती हात लावताच पिशवी सुटायची. मग सुनंदाच तिथं राहिली. पिशवी कशी लावायची, कॅप्सूल कशी फोडायची, पोर ओठ मिटतं तेव्हा काय करायचं, हे तिला सगळं येत होतं. मी आठवड्याला जायचो. एकदा बाकड्यावर माझ्या शेजारी बसून ती म्हणाली, त्या दिवशी तुमी हो म्हणालात ते बरं केलं. पुढं लगेच म्हणाली, पर माझा राग अजून हाये. मी म्हणालो, राहू दे. आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

रूपाली वाचली. आता ती कॉलेजात जाते. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, त्यामुळं मी तिचा मामा. आम्हाला पुढं मुलगा झाला. तो स्टीलच्या भांड्यातलं दूध पिऊन वाढला, आणि मोठा भाऊ होता एवढंच त्याला माहीत आहे. आई गेली, शेवटपर्यंत रामदासशी धड न बोलता. पण गेली त्या वर्षी रूपालीला नवे कपडे घ्यायला तिनं मला बाजारात पाठवलं होतं.

बाकड्यावर बसलेल्या माणसाला मला एवढंच सांगायचंय. डॉक्टर जे मोजतात ते दर वेळी तुमच्या माणसासाठीच असतं असं नाही. कधी कधी ते दुसऱ्या कुणासाठी असतं, आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगण्याएवढा डॉक्टर सरळ असायला हवा. आमच्या मॅडम सरळ होत्या. विचारा, भांडा, समजून घ्या. नाही म्हणायचा हक्क तुमचाच आहे. पण आम्हाला रूपाली मिळाली ती कुठल्या तरी अनोळखी आई-बापांनी आधी हो म्हटलं होतं म्हणून, आणि थोडी आमच्या अमोलमुळंही. त्या आई-बापांची तोंडं मी कधी बघितली नाहीत. त्यांना माझा नमस्कार.

शेवटी एक दिवस सांगतो. वर्षभर औषध घेतल्यावर रूपालीची बायॉप्सी पुन्हा झाली. मॅडमनी आम्हा तिघांना प्रयोगशाळेत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली रूपालीची नवी काच होती. रामदासनं बघितलं, मी बघितलं. ठिपके जवळजवळ गेले होते. रामदास तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

सुनंदानं मात्र ती काच बघितली नाही. तिनं मॅडमना विचारलं, अमोलची आहे का? मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी लाकडी पेटीतून एक काच काढली, पुसली आणि यंत्राखाली सरकवली. शेवटच्या दिवशीची होती ती.

सुनंदानं डोळा लावला. कुठं बघायचं ते मॅडम सांगायला लागल्या, पण तिला ते ऐकायचं नव्हतं. ती खूप वेळ बघत राहिली. शेवटी तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “ही काच टाकू नका, मॅडम. जपून ठेवा.”

मॅडम म्हणाल्या, जपणारच.

लहान पोराला दृष्ट लागते म्हणून आम्ही अमोलचा फोटो कधी काढलाच नव्हता.